मदत हवी आहे : इंजिनिअरिंगनंतर आंतरराष्ट्रीय बँकिंग

नमस्कार मंडळी, भाची पुण्यात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कुणीतरी तिला सिटीग्रुप या अमेरिकन बँकेचे माजी सीईओ विक्रम पंडित यांच्याबद्दल सांगितलं आणि आता बाईसाहेबांना आंतरराष्ट्रीय बँकेतच जायचंय.

पंडित जन्माने नागपूरचे. कोलंबिया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल, मग तिथेच फायनान्समध्ये पीएचडी. १९८३ ते २००५ मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन गुंतवणूक बँकेत, नंतर भागीदारीत ओल्ड लेन हा हेज फंड (बड्या गुंतवणूकदारांचा पैसा गुंतवणारा फंड). तो सिटीग्रुपने २००७ मध्ये विकत घेतला आणि त्याच डिसेंबरात पंडित सिटीचे सीईओ! लगेच मंदी, सरकारकडून ४५ अब्ज डॉलरची मदत, वर्षाला एक डॉलर पगार. २०१० मध्ये बँक नफ्यात आली, पण ऑक्टोबर २०१२ मध्ये तडकाफडकी राजीनामा. (ही शेवटची बाजू भाचीला ऐकायची नसते.)

सिटी, एचएसबीसी, स्टँडर्ड चार्टर्डसारख्या बँकांत काम केलेलं कुणी इथे आहे का? एमबीए करावं की फायनान्समधली मास्टर्स? मुंबई-पुण्याच्या सपोर्ट ऑफिसातून ट्रेडिंग किंवा रिस्कच्या मुख्य कामात खरंच जाता येतं, की माणूस तिथेच अडकतो? आणि वरच्या पदांसाठी दोन-तीन देशांत नोकरी केलेली असावीच लागते का?

'त्यापेक्षा आयटीत जा' हा सल्ला घरात भरपूर मिळालाय, तेवढा सोडून सांगा.