गुळवेलीने शिंका थांबतात का? पुरावा बघून बोलू

धरमपेठची मंजिरी:
पाऊस सरला की आमच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत फुलतं आणि माझं नाक वाहायला लागतं. यंदा घरातल्या तिघांनी गुळवेलीचा काढा पुढे केला. मी घेतला नाही. नाकाच्या अ‍ॅलर्जीवर गुळवेलीची २००५ सालची चाचणी मी वाचली आहे. ७५ रुग्ण, ८ आठवडे, काहींना अर्क, काहींना औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळ्या. अर्कवाल्यांच्या शिंका बऱ्याच कमी झाल्या, हे खरं. पण एवढ्याशा चाचणीवर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे बंद करायचा? मला पटत नाही.

इतवारीचे काका:
ताई, स्प्रे बंद करा असं कोण म्हणतंय? पण झाडपाल्याला कमी लेखू नका. कफावरचं ब्रोमहेक्झिन आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच तयार झालं. आजीचा अडुळसा चालत नाही आणि बाटलीतला चालतो, असं का बा?

मंजिरी:
कारण बाटलीत किती आहे ते मोजलेलं असतं, काका. वाटीभर काढ्यात काय आणि किती उतरलं, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही.

रामदासपेठ, फार्मासिस्ट:
काकांच्या बाजूने एक सांगतो. बटरबर नावाच्या युरोपीय वनस्पतीचा अर्क २००२ साली १२५ रुग्णांवर सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीसमोर तपासला, दोन आठवडे. दोन्हींचा गुण जवळपास सारखा निघाला. मात्र खोट्या गोळीचा गट त्यात नव्हता. शिवाय कच्च्या बटरबरमध्ये यकृताला मारक अल्कलॉइड असतात, ते काढूनच अर्क वापरावा लागतो.
आणखी एक, गाजरगवताची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी कॅमोमाइलचा चहा जपून घ्यावा. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली, त्रास वाढू शकतो. दुकानात ‘हर्बल आहे ना, मग काय होतं’ हे रोज ऐकतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मंजिरी:
यकृताचं निघालंच आहे तर, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं.

इतवारीचे काका:
अर्धंच सांगू नका. आयुष मंत्रालयाने तेव्हाच आक्षेप घेतला होता, की त्या लोकांनी घेतलेली वनस्पती तपासलीच नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असते. मी कडुनिंबावर चढलेलीच आणतो.

मंजिरी:
मग काका, ती दुसरी वेल कडुनिंबावर चढत नाही का?