बाराशेची माल्बेक: दारू वाईट की वाढणं चुकलं?

संत्रावाला, वरूड
पुतण्यानं पुण्याहून अर्जेंटिनाची माल्बेक, म्हणजे द्राक्षाची लाल वाइन, आणली, बाराशेची. एप्रिलची रात्र, पारा चाळिशीच्या वर. आम्ही चौघं ओसरीवर, हातात स्टीलचे पेले, ताटात तर्रीचं मटण. पहिल्याच घोटाला जीभ कच्चं सीताफळ चावल्यागत आवळली अन् तिखट थेट कानात गेलं. भाऊ म्हणे, फेक. मी झाकण लावून बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि माठाला टेकवून ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी तीच बाटली, सोबत वांग्याचं भरीत, मिरची बेतानं. काय सांगू, जांभळाचा वास, मागून आलुबुखार! माझं मत स्पष्ट आहे: दारू बरी होती, आमचं वाढणं चुकलं.

मोहफूल
काऊन बाराशे घालवता, भाऊ? अशा परदेशी वाइनवर आयात शुल्कच दीडशे टक्क्यांपर्यंत. अर्धे पैसे करात गेले अन् तुम्ही त्यात जांभूळ शोधता! जांभूळच पायजे त जून लागू द्या, झाडाखाली फुकट मिळते.

संत्रावाला
कराचं बरोबर बोललास. पण चव करामुळं बिघडली नाही ना. या लाल दारूत टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं तुरट द्रव्य असतं, तेच जीभ आवळतं. त्यात अल्कोहोल तेरा-चौदा टक्के, म्हणजे मिरची आणखी भडकते. तिकडं हिच्यासोबत निखाऱ्यावर भाजलेलं गोमांस खातात, मीठ सोडून मसाला जवळपास नाहीच. अन् ‘खोलीच्या तापमानाला प्या’ म्हणतात ती खोली युरोपातली, सतरा-अठरा अंशांची. आपली ओसरी नव्हे.

बोअरवाला, मोर्शी
मले चवीचं समजत नाई, पाण्याचं समजते. अर्जेंटिनात ही द्राक्षं पिकते त्या मेंडोझात वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. अँडीजचा बर्फ वितळते, कालव्यानं द्राक्षाले मिळते. वेल मूळचा फ्रान्सचा, १८५३ मध्ये तिकडं नेला. आपल्याकडं त्याच्या चौपट पाऊस, अन् माझी बोअर आठशे फुटांवर कोरडी! त्याच्यावर धागा काढा ना कोणी.

चिमूरची लेक
तुमची जांभळं-आलुबुखार वाचून हसू आलं, मग रागही आला. २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत बाया पायी गेल्या. माझी आई होती त्यात. २०१५ ला आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली, २०२१ ला उठली. घरात दारू आली की पेला कोणता अन् थंडावा किती, हे कोणी विचारत नाही. ‘चव घेतो’ म्हणणारे सगळे पुरुषच कसे असतात?

संत्रावाला
ताई, शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या ओसरीवरही चौघं पुरुषच होतो, अन् भरीत आतून आलं होतं.

मोहफूल
आता कसं बोलले! पुढच्या खेपेले मले बोलावजा. वांगे मी भाजतो.