बजेटची सबब पुरत नाही

'सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट २' या भयपटाबद्दल 'बजेटच नव्हतं, म्हणून सांभाळून घ्या' असं जे म्हटलं जातं, ते पटलं नाही. १९७८ चा 'हॅलोविन' हा भयपट जेमतेम तीन-सव्वातीन लाख डॉलरांत झाला. खुन्याचा मुखवटा दुकानातून आणलेला, 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, त्यालाच पांढरा रंग फासलेला. संगीत दिग्दर्शक कारपेंटरनं स्वतःच केलं. तरी अंगावर काटा येतोच.

'सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट २' (१९८७) ची गोची वेगळीच. जवळपास निम्मा सिनेमा म्हणजे १९८४ च्या पहिल्या भागातलीच दृश्यं! रिकी वेड्यांच्या इस्पितळात बसून डॉक्टरला पहिल्या भागातल्या खुनी भावाची कहाणी ऐकवतो, आणि आपण शिळ्या पोह्यांवर ताजी शेव टाकून खायची. (आम्हा इंदूरकरांना शेव कशावरही चालते, पण हे नाही चाललं.) आईबाप मारले गेले तेव्हा रिकी तान्हा होता, तरी सगळं कसं साग्रसंगीत आठवतं! पुढे छत्रीनं केलेला खून आणि भर वस्तीत पिस्तूल घेऊन फिरणारा रिकी, एवढाच काय तो नवा माल. त्यातही भीती कुठली, भुवया उडवत तो 'गार्बेज डे!' (कचरा न्यायचा दिवस) ओरडतो तेव्हा हसूच फुटतं.

कंपू जमवून टिंगल करत बघायचा असेल तर खुशाल बघा. पहिला भाग नुकताच बघितला असेल, तर सरळ उत्तरार्धावर जा.