उन्हाळ्यातली दिनचर्या मोबाइल सेन्सर आणि कमेंटवरून मोजायची आहे, आराखडा तपासून द्याल का?

यावल_डेटा
राम राम मंडळी. एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. भुसावळ शहर आणि यावल तालुक्यातली केळीची दोन गावं, मिळून 60 स्वयंसेवक, एप्रिल-मे. पारा 44-45 वर गेला की दुपारी 12 ते 4 माणसं बाहेर पडायची थांबतात का, आणि ती कामं पहाटे सरकतात की रात्री, एवढंच बघायचंय. बेत असा: अँड्रॉइड ॲप, जीपीएस दर मिनिटाला, ॲक्सेलरोमीटर (फोनची हालचाल मोजणारा सेन्सर) 50 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 50 नोंदी, अखंड. जोडीला गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे मेसेज आणि अहिराणी व्हिडिओंखालच्या युट्यूब कमेंट. बॅटरी टिकेल का? आणखी काय चुकतंय?

तापीपार
बॅटरी टिकणार नाही, आणि एवढा डेटा लागतही नाही. तीन अक्षांचे 12 बाइट आणि वेळेचे 8, म्हणजे नोंदीला 20 बाइट. 50 हर्ट्झने माणशी दिवसाला 86 एमबी, 60 जणांचे रोज 5 जीबीच्या वर. चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, त्याला 25 हर्ट्झ पुष्कळ. त्यातही दर 5 मिनिटांतलं 1 मिनिटच नोंदवा, 9 एमबीच्या आत भागतं. जीपीएस फोन हलल्यावरच जागं करा आणि तेव्हाही 3-5 मिनिटांनी. घरात पडलेल्या फोनची जागा दर मिनिटाला विचारून हाती काय लागणार?

खरी अडचण गळालेल्या नोंदींची. अँड्रॉइड 8 पासून मागे (बॅकग्राउंडला, पडद्यावर उघडं नसताना) चालणाऱ्या ॲपला जागा तासातून मोजक्या वेळाच मिळते, 9 पासून ॲक्सेलरोमीटरही मागे बंद. म्हणून कायम दिसणाऱ्या नोटिफिकेशनसह फोरग्राउंड सर्व्हिस चालवा आणि ॲपला बॅटरी बचतीतून सूट द्या. ही सूट प्रत्येकाच्या फोनवर स्वतः बसून द्यायची, कारण सेटिंग कंपनीगणिक वेगळ्या कोपऱ्यात असते. शिवाय दर 15 मिनिटांनी 'ॲप जिवंत आहे' अशी नोंद ठेवा. ती नसेल तर ते तास 'माहीत नाही' म्हणून वगळा, 'माणूस घरी' म्हणून धरू नका. आयफोनची अधिकृत मर्यादाच 35 अंश हवेची आहे, बाकीचेही उन्हात तापून मंदावतात, बंद पडतात. म्हणजे नोंदी नेमक्या सर्वांत कडक दुपारी गळणार आणि तुमचा निष्कर्ष आपोआप 'लोक घरी बसले' असा निघणार.

तापमान फोनकडून घेऊ नका. तो स्वतःच्या बॅटरीचा ताप सांगतो. ईआरए5-लँड या युरोपीय हवामान केंद्राच्या संचाचा तासागणिक डेटा सुमारे 9 किलोमीटरच्या जाळीवर फुकट मिळतो. मात्र त्याची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. साडेपाच तास मिळवायचे राहिले की दुपारचा कडाका सकाळी साडेनऊला दिसू लागतो.

आखाजीची_सासुरवाशीण
सेन्सरचं झालं, आता पंचांगाचं बघा. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे लगीनसराई, शाळेच्या सुट्ट्या आणि त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, त्या आठवड्यात बायकांच्या प्रवासाचा आलेख उंच जाईल आणि त्याचा उन्हाशी संबंध शून्य. हे दिवस वेगळी खूण करून ठेवा.

दुसरं, रात्रीची हालचाल. शेतीच्या फीडरला (शेतपंपांच्या वीजवाहिनीला) थ्री फेज वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्री दोनला केळीच्या बागेत गेलेला माणूस उन्हाला टाळतोय की मोटर चालू करायला गेलाय, हे जीपीएसला कुठून कळणार? गावाच्या फीडरचं आठवड्याचं वेळापत्रक आधी मिळवा आणि विश्लेषणात स्वतंत्र चल (व्हेरिएबल) म्हणून घाला. ते नसेल तर 'कामं रात्रीकडे सरकली' हे वाक्य लिहूच नका.

फेब्रुवारीतले दोन-तीन आठवडेही नोंदवा. तुलना एकाच माणसाच्या कमी-जास्त तापलेल्या दिवसांची करा. रेल्वेचा कर्मचारी आणि केळी कापणारा मजूर एकमेकांशी ताडून काही कळत नाही.

गिरणाकाठ
व्हॉट्सॲपचा बेत सोडा. ग्रुपमधल्या एकाने चॅट निर्यात करून दिली तरी बाकीच्यांनी संमती दिलेली नसते. फारच हवं असेल तर स्वयंसेवकाने पाठवलेल्या मेसेजची तासावार संख्या त्याच्याच फोनवर काढा आणि मजकूर तिथेच पुसा.

युट्यूबची एपीआय (प्रोग्रॅममधून डेटा मागवायची अधिकृत सोय) चालेल. दिवसाचा ठरलेला कोटा 10,000 युनिट आहे. कमेंटच्या एका मागणीला 1 युनिट पडतं आणि 100 पर्यंत धागे (मूळ कमेंट आणि तिची उत्तरं) मिळतात. शोधाला मात्र 100 युनिट, म्हणून व्हिडिओंची यादी हाताने करा. इथली वेळही यूटीसीच. कमेंटवरून माणूस कुठे बसलाय ते कळत नाही. अहिराणी गाण्यांचे निम्मे चाहते सुरत, नाशिक, पुण्यात असतील, त्यांच्या दुपारचा भुसावळच्या पाऱ्याशी काय संबंध? भाषा ओळखणारी तयार साधनंही अहिराणीला मराठी, हिंदी किंवा गुजराती ठरवतात, रोमन लिपीत तर विचारूच नका. भावना मोजायच्या असतील तर 500-600 कमेंटवर दोन अहिराणी बोलणाऱ्यांकडून वेगवेगळ्या खुणा करून घ्या आणि त्यांचं किती जुळतं ते आधी बघा. माझ्या मते या प्रकल्पात कमेंटचा भाग पूरकच ठेवा.

नावं काढली म्हणजे ओळख लपली असंही नाही. 2013 च्या एका गाजलेल्या अभ्यासात 15 लाख मोबाइलधारकांपैकी 95 टक्के माणसं जागा-वेळेच्या फक्त चार नोंदींवरून वेगळी ओळखता आली. अक्षांश-रेखांश तीन दशांशांपर्यंत तोडले तर साधारण 100 मीटरचा चौकोन उरतो. भुसावळच्या चाळीत तो पुरेल, मळ्यातल्या एकट्या घराला नाही. म्हणून घर शून्य धरा आणि घरापासूनचं अंतर व बाहेर राहिलेली मिनिटं एवढंच सर्व्हरवर पाठवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण अटींसह. नीतिमत्ता समितीची मंजुरी ॲप टाकण्याआधीच घ्या.

यावल_डेटा
आभार. व्हॉट्सॲप काढलं, फीडरचं वेळापत्रक मागवतो. एक राहिलं: गावात बऱ्याच घरांत फोन एकच, आणि बायका शेतात जाताना तो घरीच ठेवतात.

आखाजीची_सासुरवाशीण
मग तो डेटा फोनचा, बाईचा नाही. नोंदणीच्या वेळीच विचारा: फोन कोण कोण वापरतं, कामावर सोबत असतो का, खिशात की पिशवीत. ज्यांच्याकडे नसतो त्यांना मनगटावर किंवा कमरेला लावायचा साधा ॲक्सेलरोमीटर द्या. त्याने जागा कळणार नाही, पण हालचाल कळेल. रोज संध्याकाळी दोन प्रश्न आवाजी मेसेजने, अहिराणीत: दुपारी कुठे होतीस, फोन कुठे होता. आधी 5-6 घरांत आठवडाभर चालवून बघा, मग 60 जणांकडे जा.