मुलाला कारचं पक्कं लायसन्स मिळालं, पण हायवेची सवय कशी लावू? (नागपूर)

नमस्कार मंडळी. मुलाला 18 पूर्ण झाली आणि गेल्या महिन्यात पक्कं लायसन्स हातात आलं. लर्निंग काढून रीतसर थांबला, क्लासही लावला. पण क्लासची गाडी फिरली ती आमच्या मनीषनगरच्या गल्ल्यांत, सकाळच्या वेळी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक.

मागच्या रविवारी मी शेजारी बसून त्याला वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेलं. येताना पाऊस लागला. खापरीच्या अलीकडे पुढचा ट्रक जरा हळू झाला आणि हा सरळ त्याच्या क्लीनर साइडने, म्हणजे डावीकडून घुसला. ट्रकने डावा इंडिकेटर दिला तेव्हा आमचं बोनेट त्याच्या मागच्या चाकांशी होतं. मी ओरडले, त्याने ब्रेक दाबला, गाडी थोडी घसरत जाऊन थांबली. त्याचं म्हणणं, "आई, त्याला आरशात दिसलो असतो ना मी." घरी आल्यावर कागदावर ट्रक काढून दाखवला, की त्या जागेतली कार ड्रायव्हरला दिसेलच असं नाही. ताशी 60 म्हणजे सेकंदाला 16 मीटरच्या वर, पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर जातं. पटलं त्याला. पण ऐन वेळी पाय तसा वागेल का?

आता शनिवारी रात्री चार मित्र घेऊन बुटीबोरीकडच्या धाब्यावर जायचं ठरतंय. आमचे हे म्हणतात, जाऊ दे, शिकायचंच आहे. मला रात्र, हायवे आणि मित्र एकदम नको वाटतात. गाडीत दोस्त असले की नव्या पोरांचं लक्ष उडतं, वेगही वाढतो. न्यूझीलंडमध्ये मधल्या टप्प्याच्या लायसन्सवर रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने चालवता येत नाही, मित्र बसवायचे तर शेजारी अनुभवी माणूस लागतो. आपल्याकडे पक्कं लायसन्स मिळालं की असं काही बंधन नाही, म्हणून ते घरातच घालावं लागतंय.

नागपुरात लायसन्सनंतर हायवे आणि रात्रीचा सराव देणारं कोणी आहे का? समोरून अप्पर (हेडलाइटचा डोळ्यांवर येणारा लांब झोत) मारत येणाऱ्या गाड्यांची सवय तुम्ही पोरांना कशी लावली? आणि सगळ्यात आधी हे सांगा: शनिवारचं "नाही" कसं म्हणू, की तो मला न सांगता दुसऱ्या नवशिक्याच्या गाडीत बसून जाणार नाही?