मुलाला व्यावसायिक रग्बीपटू व्हायचे आहे. पुढची वाट कशी असते?

नेरूळची आई

नमस्कार. माझा मुलगा बारावीला, वाणिज्य शाखेत आहे आणि चार वर्षांपासून रग्बी खेळतो. आमच्या घरात क्रिकेट आणि कबड्डी यांपलीकडे कोणी काही खेळलेले नाही. पावसाळ्यात हा पहाटेची हार्बर लोकल पकडून सीएसएमटीला जातो आणि दुपारी इतका चिखल घेऊन परततो की बूट बाहेर काढून ठेवल्याशिवाय मी त्याला उंबरठा ओलांडू देत नाही, एवढीच माझी या खेळाशी ओळख. आता पदवीचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा, असे तो म्हणतो, कारण एका एजंटाने त्याला परदेशी क्लबच्या अकादमीत सहा महिन्यांसाठी जागा मिळवून देण्याचे कबूल केले आहे आणि त्यासाठी साडेचार लाख रुपये आगाऊ मागितले आहेत. यजमानांचा ठाम नकार आहे. माझे मत अजून बनलेले नाही. या खेळात पैसे कोण देतो, करार कसा होतो आणि तो किती वर्षे चालतो, हे कोणी सांगू शकेल का? गेल्या वर्षी त्याचा उजवा खांदा एकदा निखळला होता, हेही सांगून ठेवते.

माजी खेळाडू, ठाणे

ताई, साडेचार लाख देऊ नका, एवढे आधी सांगतो. खेळाडूला खरोखर मागणी असेल तर एजंट आपला वाटा होणाऱ्या करारातून घेतो; खेळाडूच्या घरच्यांकडून आगाऊ रक्कम घेत नाही. मी एकविसाव्या वर्षी अशाच एका मध्यस्थाला वडिलांनी पीएफमधून काढलेले पैसे दिले होते. तिकडे पोहोचल्यावर कळले की ती ‘अकादमी’ म्हणजे फी भरेल त्याला घेणारे शिबिर होते. क्लबचे प्रशिक्षक आठवड्यातून एकदा येऊन मैदानाच्या कडेला उभे राहत आणि चहा संपला की निघून जात.

रग्बी युनियन, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंची रग्बी, हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला तो ऑगस्ट १९९५ मध्ये. त्याआधी खेळाडूला खेळण्याचे पैसे देणे नियमाविरुद्ध होते. आज पोट भरण्याइतका पगार देणाऱ्या मोठ्या स्पर्धा म्हणजे फ्रान्सची टॉप १४, इंग्लंडची प्रीमियरशिप, जपानची लीग वन आणि न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या संघांची सुपर रग्बी. करार बहुधा दोन-तीन वर्षांचे असतात, आणि तिकडची मुले सोळा-सतराव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत किंवा नावाजलेल्या शाळांच्या संघांत असल्यामुळे आपला मुलगा अठराव्या वर्षी पोहोचतो तेव्हा त्याची गाठ जन्मापासून हा चेंडू हाताळणाऱ्यांशी पडते. शिवाय प्रत्येक देशाला आपली मुले आधी खेळवायची असतात. फ्रान्समध्ये स्थानिक तयारीच्या खेळाडूंची किमान संख्या ठरवून दिलेली आहे, तर इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूच्या व्हिसासाठी तिथल्या क्रीडा संघटनेचे अनुमोदन लागते. क्लबही कायमचे नसतात. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश असे इंग्लंडमधले तीन क्लब आर्थिक गाळात गेले आणि चालू करार असलेले खेळाडू एका रात्रीत रस्त्यावर आले.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीला सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग पहिल्यांदा भरली. ती सेव्हन्सची, म्हणजे सात-सात खेळाडूंची, आणि जेमतेम दोन आठवड्यांची. त्या मानधनावर वर्ष निघत नाही. म्हणून इथे चांगले खेळणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून खेळतात. मीही बँकेत लागल्यावर सात वर्षे खेळलो आणि माझी सर्वांत चांगली वर्षे तीच होती, कारण घरभाड्याची चिंता उरली नव्हती. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र कोणती स्पर्धा आणि कोणते पदक धरले जाते, हे शासन निर्णय वाचूनच ठरवा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मुलगा कोणत्या जागी खेळतो?

नेरूळची आई

दादा, सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. त्याला विचारले, ‘हुकर’ म्हणाला. वजन ९४ किलो आहे.

माजी खेळाडू, ठाणे

मग आणखी एक अडचण आहे. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंनी ओळी करून, खांदे भिडवून एकमेकांना रेटणे. हुकर हा त्याच्या पहिल्या ओळीत मधोमध राहून पायाने चेंडू मागे ओढणारा आणि लाइनआउटमध्ये, म्हणजे चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर, तो परत आत फेकणारा खेळाडू. पंधराच्या रग्बीत त्याला ताकद आणि मानेचा दणकटपणा लागतो आणि हे खेळाडू उशिरा परिपक्व होतात. सेव्हन्समध्ये स्क्रम तिघांचाच असतो आणि उरलेला सगळा वेळ धावायचे असते. आपल्याकडच्या संधी सेव्हन्सच्या, मुलाची शरीरयष्टी पंधराच्या खेळाची. यातले काय निवडायचे, ते त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला स्पष्ट सांगायला हवे.

फिजिओ, वाशी

मी फक्त दुखापतींबद्दल लिहिते. खांदा पहिल्यांदा विशीच्या आत निखळला असेल, तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच मोठी असते. मुलगा टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडताना, हात लांब टाकून पकडायला जातो का, हे एकदा मैदानावर जाऊन पाहा. खांदा समोरच्याच्या मांड्यांना जवळ भिडला पाहिजे. लांबून झेपावणाऱ्याचा हात मागे खेचला जातो आणि सांधा तिथेच सुटतो. एमआरआय केला नसेल तर करून घ्या.

डोक्याच्या दुखापतीबद्दल आपल्याकडे फार निष्काळजीपणा आहे. मोठ्या सामन्यांत शंका आली तरी खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात, आणि मेंदूला हादरा बसला असेल तर हौशी खेळाडूने किमान २१ दिवस सामना खेळू नये, अशी जागतिक रग्बी संघटनेची सूचना आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला त्याच्या संघाने तिसऱ्या दिवशी मैदानात उतरवले होते. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील हुकर स्टीव्ह थॉम्पसन याला चाळिशीच्या सुरुवातीलाच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. तो विजय आपल्याला आठवत नाही, असे त्याने स्वतः सांगितले आहे. त्याच अंतिम सामन्यात ड्रॉप गोल मारून विजय मिळवून देणारा जॉनी विल्किन्सन दुखापतींमुळे त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ इंग्लंडकडून एकही सामना खेळू शकला नव्हता. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मुलाला खेळू द्या, पण विम्याचा कागद हातात घेऊन.

ऐरोलीकर

मी कंपनीच्या कामानिमित्त काही वर्षे जपानमध्ये होतो. तिथले बरेचसे संघ तोशिबा, सनटोरी अशा मोठ्या कंपन्यांचे असतात, आणि संघातील काही जण पूर्णवेळ व्यावसायिक, तर काही जण त्याच कंपनीचे नोकरदार असतात. ज्यांची नोकरी तिथेच असते, त्यांना खेळ थांबला की सोमवारी आपल्या टेबलावर परतता येते. ठाणेकरांनी बँकेबद्दल लिहिले, ते वाचून हे आठवले.

नेरूळची आई

सर्वांचे आभार. एजंटाला काल फोन करून विचारले की त्याच्यामार्फत गेलेल्या आणि प्रत्यक्ष करार मिळालेल्या एका तरी मुलाशी बोलणे करून द्या. त्याने ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला आणि आज तो उचलत नाही. मुलगा रुसला आहे, पण बी.कॉम.चा अर्ज त्याच्याकडूनच भरून घेतला. शनिवारी मी पहिल्यांदाच त्याच्यासोबत मैदानावर जाणार आहे. फिजिओताई, तो खांदा जवळ भिडवतो की लांबून झेपावतो, ते व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवते.