मदत हवी आहे : खानापुरातून बेळगावच्या ऑफिसचा पीसी रिमोटवर लागत नाही

मंडळी, उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपच्या पीसीवर टॅली आहे, मी खानापुरात घरून रिमोट डेस्कटॉपने काम करतो. तिथलं इंटरनेट कनेक्शन बदललं आणि गाडी अडली. बराच वेळ 'कनेक्टिंग' दाखवतं, मग एरर. पासवर्ड विचारण्यापर्यंत मामला जातच नाही.

विंडोज १० प्रो आहे, रिमोट चालू, स्लीप बंद. वर्कशॉपमधल्याच लॅपटॉपवरून १९२.१६८ वाल्या आतल्या नेटवर्कच्या पत्त्यावर झटक्यात लागतं, म्हणजे पीसी ठीक असावा. राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा) पीसीकडे फॉरवर्ड केलाय. पण राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतो आणि बाहेरून बघितला तर वेगळाच दिसतो. हे सीजीनॅटच ना, म्हणजे कनेक्शनवाला एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटतो ते? मग पोर्ट उघडून काय उपयोग! कनेक्शनवाल्याला विचारलं तर 'राउटर आफ माडी, आन माडी' (बंद करा, चालू करा) एवढंच.

स्टॅटिक आयपी (आपला एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मागावा, की टेलस्केलसारखं व्हीपीएन (दोन्ही पीसींना जोडणारी खाजगी वाट) टाकावं? ३३८९ जगाला उघडा ठेवायला मलाही नको वाटतं, आणि मालकांचा हात खर्चाला आखडता. २० तारखेच्या आत जीएसटी रिटर्न भरायचंय. कुणी केलं असेल तर सांगा की.